रिकामा खटका

वडील गेल्यावर त्यांचं परवान्याचं पिस्तूल जमा करायला मी आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. आत गोळी नाही हे हवालदाराने दोनदा पाहिलं, नळी वाळूच्या बादलीकडे धरली आणि चाप ओढला. खट्. माझं लक्ष आईकडे गेलं. तिने डोळे मिटले होते, आवाजाच्या आधीच.

"असं रिकामं ओढून बिघडत नाही का हो?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"जुन्यांची पिन मोडायची कधीतरी. आताच्यांना काही होत नाही, साहेब."

खरंच होत नसावं. वडील रोज संध्याकाळी सराव म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखायचे. भाजीत मीठ कमी पडलं, की कॅलेंडरऐवजी आईवर. "रिकामंच आहे गं," म्हणून हसायचे. मीही हसायचो, लहान होतो. इतकी वर्षं चाप ओढून पिस्तूल मात्र नव्यासारखंच राहिलं. दर खटक्याला थोडी झीज होतच असणार. ती लोखंडात सापडत नाही, एवढंच.

घरी आलो. आई चहा ठेवायला उठली आणि आगपेटी शोधू लागली. लायटर ओट्यावरच पडला होता, कित्येक वर्षं तसाच. ती तो का वापरत नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"थांब, मी पेटवतो," म्हणत मी लायटर उचलला.

आईने डोळे मिटले.