ताईंची बारी

मंदाताई माझ्याशी पहिल्यांदा जे बोलल्या, ते मला कळलंच नाही. बडोद्याच्या वाडी भागातल्या मराठी शाळेत मी नुकतीच लागले होते आणि शिक्षकांची सहल बसनं पावागढला निघाली होती. भेंड्या ऐन रंगात आल्या होत्या. उंच, सावळ्या, ठसठशीत कुंकवाच्या एक बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही बारी माझी आहे." मी साताऱ्याची. आमच्याकडे बारी म्हणजे पाळी. मी अदबीनं म्हटलं, "म्हणा की, 'म' आलाय." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मागून अख्खी बस हसली. बडोद्याचे मराठी लोक खिडकीला गुजराती माणसांसारखं बारीच म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. मी मुकाट्यानं उठले आणि पुढे इतक्या वर्षांच्या सोबतीत खिडकीचं नाव काढलं नाही.

ताई इतिहास शिकवायच्या. कुठंही जायचं ठरलं की लोक विचारतात भाडं किती, जेवणाचं काय. ताई विचारायच्या, "डोंगर कुठल्या बाजूला येणार?" नदी असेल तर नदी कुठल्या बाजूला. ते कळेपर्यंत त्यांचं तिकीट निघत नसे. जलद गाडीवर त्यांचा भारी राग. "मला नाही फावत ती. पोचायला काय गं, पार्सलसुद्धा पोचतं," म्हणायच्या. यजमान कोयलीच्या रिफायनरीत होते. गाडी हलली की त्यांची मान पडायची, ती मुक्कामाला वर यायची. ते गेल्यावर एकदा ताई म्हणाल्या, "ते होते तेव्हा मी दोघांचं बघायचे. आता एकटीपुरतं बघते." एवढं बोलून त्या पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. साल कधीच उलटून गेलं होतं, पान भिंतीवर तसंच. टोकदार हिरवा डोंगर आणि त्याच्या खांद्यावर दगडी घरांची ओस पडलेली नगरी. पेरू देशातलं माचू पिचू. "एकाही घराला छप्पर नाही बघ," त्या चहा गाळता गाळता सांगायच्या, "माणसं गेली, भिंती राहिल्या. आणि तिथवर नदीच्या काठाकाठानं गाडी जाते." खरं सांगायचं तर ताईंचा जीव त्या नगरीपेक्षा गाडीतच जास्त अडकला होता. कोल्हापूरच्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, सुधाताईंना, हे वेड वाटायचं. "पेरूला जातेस की पेरू खायला जातेस?" असं त्या चिडवायच्या. ताईंचं उत्तर ठरलेलं, "आमच्या बडोद्यात त्याला जामफळ म्हणतात. पेरू म्हणजे फक्त देश."

त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत. तो एकदाचा म्हणाला, "आई, या वर्षी नेतोच." त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळी त्या गाडीनं खाल्ल्या. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि कुणी कुणी प्रवाशांनी काढलेले व्हिडिओ बघत बसायचं. गाड्या तिथं तीन तऱ्हांच्या. एक साधी, एक छतालाही काचा असलेली, आणि एक राजेशाही, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण आणि बाजूला गाणंबजावणं. निखिलला आईला राजेशाहीनं न्यायचं होतं. ताईंनी झटक्यात मोडीत काढली. "नदी सोडून ताटाकडे बघू होय? जेवायला घर आहे की." काचेच्या छतालाही आधी त्यांनी नाक मुरडलं होतं. मग एका व्हिडिओत डोंगर अगदी रुळाला चिकटून वर गेलेला दिसला, मान मागे टाकल्याशिवाय त्याचं टोकच दिसेना, तेव्हा मात्र लग्नाच्या शालूवर बोट ठेवावं तसं त्यांनी त्या गाडीवर बोट ठेवलं. "हीच."

तिकिटं आली आणि घरात रामायण झालं. जागा उजव्या बाजूच्या मिळाल्या होत्या. ताईंनी त्याला तिथल्या पहाटे उठवलं. "निखिल, जाताना नदी डावीकडे असते. उजव्या बारीतून नुसता कडा दिसणार."

"आई, काय फरक पडतो? पोचल्यावर सगळं दिसणारच आहे ना."

ताई शांतपणे म्हणाल्या, "तू तुझ्या बापावर गेलास." त्यानं माफी मागितली, जागा बदलून मिळताहेत का बघतो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "नाही मिळाली तर डावीकडच्या कुणाला तरी मी हात जोडून सांगेन. कुठल्याही देशातलं माणूस असू दे, म्हातारीला बारी देतंच."

पण तितकी वेळच आली नाही. दिवाळीच्या आधी फराळाचं करताना त्यांना धाप लागली ती बसेना. तपासण्या झाल्या. हृदय थकलंय, इतक्या उंचीवरची विरळ हवा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. शाळेत भल्याभल्यांना धाक घालणाऱ्या या बाई बाजारात घासाघीस करावी तशा बोलायला लागल्या. "वर नाही चढणार मी. गाडीतून खालीसुद्धा नाही उतरणार. नुसतं बारीतून बघेन, तसं चालेल?" डॉक्टर गुजराती होते, बारी म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी खाली बघत नुसती नकारार्थी मान हलवली. मला तिथं रडू फुटलं, ताईंना नाही. घरी येऊन त्यांनी निखिलला तिकिटं रद्द करायला सांगितलं. तो पलीकडे अडखळायला लागला तर म्हणाल्या, "जवा दे, बेटा, जाऊ दे." कॅलेंडरचं पान त्यांनी काढलं नाही. फक्त चहाला बसताना खुर्ची फिरवून घ्यायला लागल्या, त्या भिंतीकडे पाठ येईल अशी.

थंडीत एक दिवस सकाळीच फोन आला. "सुनंदा, चल. पेरू नाही तर जामफळ." म्हणजे चांपानेर. पावागढच्या पायथ्याशी पडलेली जुनी राजधानी. इथून मोटारीनं कुणीही सहज जाऊन येतं. ताईंनी अर्थातच दाहोदकडे जाणारी, प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाणारी मेमू निवडली. चांपानेर रोडला उतरायचं आणि पुढे रिक्षा. "पावागढ उजवीकडे येणार," असं बजावत त्या उजव्या खिडकीशी बसल्या. तुरीची शेतं, एरंडाची शेतं मागे पडत होती. मग धुक्यातून डोंगर वर आला आणि ताईंनी खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरलं.  

चांपानेरला त्यांना फार चालवलं नाही. एका पडक्या भिंतीवर आम्ही बसलो आणि तिखटमीठ लावलेलं जामफळ खाल्लं. समोर बिनछपराच्या भिंती, वर डोंगर. सगळं चित्रातल्यासारखंच म्हटलं तर होतं. ताईंनी अर्धी फोड हातातच ठेवली आणि म्हणाल्या, "मला जायचं होतं गं."  मी साताऱ्याची, तोंडाळ म्हणून शाळेत प्रसिद्ध. मी पुडीतलं तिखटमीठ पुन्हा बांधत बसले. येताना त्यांनी न विचारता डावी खिडकी धरली आणि बडोदं येईपर्यंत डोळा मिटला नाही.

पुढे महिन्याभरातच त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सुधाताई कोल्हापूरहून धावत आल्या. निखिल विमानात होता. दुपारी ताईंनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाल्या, "बारी... माझी बारी." सुधाताईंनी हंबरडाच फोडला. "असं नको गं बोलूस! मी थोरली इथं बसलेय, तुझी बारी कशी येईल?" ताईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. भेंड्यांच्या त्या बसमध्ये त्यांनी माझ्याकडे तस्संच बघितलं होतं. मी उठून खाटेच्या उजव्या अंगाच्या खिडकीचा पडदा बाजूला ओढला. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. ताईंनी तिच्याकडे नीट बघितलं. ओठ हलले म्हणून मी कान खाली नेला.

"बाजू चुकली," त्या म्हणाल्या.

निखिल पोचला तेव्हा ताई नव्हत्या. मग घरात माणसांची रीघ लागली आणि आलेल्या प्रत्येकाला सुधाताई सांगत होत्या, "तिला कळलं होतं हो. म्हणाली, माझी बारी आली." लोक हात जोडत होते. किती पुण्यवान, म्हणत होते. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. निखिल आत आला, कॅलेंडरच्या पानाखाली उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मावशी, आई खिडकी मागत होती ना?"

"हो रे," मी म्हटलं. "उजवीकडचा पडदा उघडला तर समोर भिंत. म्हणाल्या, बाजू चुकली."

निखिल हसला. अगदी मोठ्यानं हसला, आणि हसता हसताच फरशीवर खाली बसला. "तिकिटंही उजवीचीच होती," एवढंच तो म्हणत राहिला. मी गॅस बंद करून त्याच्याजवळ बसले. बाहेरच्या खोलीत आणखी कुणीतरी आलं होतं आणि सुधाताई त्यांना सांगत होत्या, माझी बारी आली म्हणाली.