देवरावाचा पांढरा पायजमा

महाल भागातला शालिकराम टेलर देवरावावर नुसता जळायचा. दोघांचंही प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन धंतोलीतल्या एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात झालं होतं, पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात. तेव्हापासून शालिकरामची लघवी थेंबथेंब गळे. दुकानात चोरून शिवलेल्या कापडाच्या जाड घड्या तो पँटच्या आत बांधायचा आणि स्वतःच धुवायचा. बायकोला, गोपिकाला, पत्ताच नव्हता. देवराव मात्र दर तपासणीला पांढराशुभ्र पायजमा घालून ऐटीत बाकावर बसे. पाहून शालिकरामच्या अंगाचा तिळपापड होई.

सहा महिन्यांच्या तपासणीला देवराव बाकावरून उठला आणि शिंप्याची नजर बरोबर तिथंच गेली. पायजम्याचं आसन मांड्यांच्या मधे दोन इंच वाढवलेलं होतं, आतल्या घडीसाठी! शालिकरामला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"म्हणजे तुझंही गळूनच राहिलं न गा! पण शिवण झकास आहे. टेलर कोण?"

"टेलर कायचा? बायकोनं शिवून देलं. धुतेही तेच. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं तिले."

शालिकरामचा रिपोर्ट चांगला आला. पण घरी जाताना तो देवरावावर आधीपेक्षाही जास्त जळत होता.