किसनची खरूज

दवाखान्याच्या ओट्यावर सात-आठ पोरं उभी होती आणि त्यांच्यात आजारी कुणीच दिसत नव्हतं.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"गंधकाचा मलम द्या, डॉक्टरसाहेब." पुढची मुलगी रिकामी डबी पुढं करत म्हणाली. ही गिरिजा, किराणा दुकानवाल्या अप्पांची. आठेक वर्षांची असेल.

"खरूज कुणाला झालीय?"

सगळ्यांनी एकदम अंगणातल्या लिंबाकडं बोट केलं. झाडाखाली एक मुलगा हात पाठीमागं घेऊन उभा होता.

"किसनला," गिरिजा म्हणाली. "ती बरी झाली की गुरुजी त्याला आत बसवणार हायेत."

चाळीसच्या दशकातली, निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. तेरणेकाठच्या एका गावात मी सरकारी दवाखान्याचा नवा डॉक्टर होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांची नातवंडं अजून तिथं नांदतात.

मी खाली उतरलो आणि किसनचे हात हातात घेतले. ओट्यावरची कुजबुज थांबली. हात धरल्याशिवाय तपासायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

खरूज ओळखणं सोपं असतं. एक बारीक किडा कातडीत घर करतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाजवळ पुटकुळ्या येतात. रात्री खाज झोपू देत नाही, आणि घरात एकाला झाली की सगळ्यांना होते. किसनच्या बेचक्या स्वच्छ होत्या. पुटकुळी एकही नव्हती. पण हातांच्या पाठीपासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघालेली, आणि दोन ठिकाणी पू धरलेला.

"खाज येते?"

"न्हाय."

"घरात कुणाला?"

"कुणालाच न्हाय."

"मग हे काय केलंस?"

"घासतोय," तो म्हणाला. "वढ्यावर, इटकरीनं. गुरुजी म्हणले, खरूज हाय. गेली की आत घेतो."

दुखतंय म्हणून सांगावं, तसं तो सांगत नव्हता. काम बरं चाललंय, असं सांगणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

मी बोरिक लोशननं जखमा धुतल्या आणि ड्रेसिंग केलं. गंधक लावलं नाही. सोललेल्या कातडीवर ते आगीसारखं झोंबलं असतं. मग एका पोराला शाळेत पिटाळून गुरुजींना बोलावून घेतलं. बाकीच्यांना म्हटलं, इथंच थांबा.

गुरुजी पन्नाशीचे, सज्जन माणूस. त्यांना आतल्या खोलीत नेलं.

"किसनला खरूज नाही, गुरुजी."

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "मांगवाड्यातून शाळेत आलेलं हे पहिलं पोर. पाटलांचा विरोध होता. ओसरीत बसेल, आत येणार नाही, असं कबूल केलं तेव्हा कुठं नाव घालू दिलं. मग बारकी पोरं रोज विचारायला लागली, हा भाईर का? जातीचं बोललो असतो तर त्यांनी त्याला चिडवून बेजार केलं असतं. म्हणून म्हटलं, खरूज हाय. त्याचं मन दुखू नये म्हणून हो."

किसनला शिवायचं नाही, एवढं पोरांना घरून माहीत होतं. का, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ते कारण गुरुजींनी पुरवलं, आणि नेमकं औषधानं बरं होणारं पुरवलं.

"तुम्ही एवढंच म्हणा, अजून महिनाभर लागेल," गुरुजी म्हणाले. "डॉक्टरचं पोरं ऐकतात."

"म्हणजे तो महिनाभर आणखी घासेल. हात सडला तर? माझ्याकडं त्यावर औषध नाही."

"मग मी काय करू?"

"खरं सांगा."

"मी सांगितलं तर पाटील उद्याच त्याचं नाव काढतील."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. म्हटलं, ठीक आहे, मी सांगतो. माझं नाव कोण काढतंय बघू. हे बोलायला सोपं गेलं. बाहेर येताना मात्र एक गोष्ट टोचत होती. खोटी का होईना, किसनजवळ एक आशा होती, आणि मी ती काढून घ्यायला निघालो होतो.

"ऐका रे," मी म्हणालो. "किसनला खरूज नाही. कधीच नव्हती."

"मग तो भाईर का बसतोय?" गिरिजानं विचारलं.

"तो मांगवाड्यातला आहे म्हणून. मोठ्या माणसांनी ठरवलंय, तिथल्या माणसाला शिवायचं नाही. त्यात किसनचं काही चुकलेलं नाही. चूक मोठ्यांची आहे. माझ्या घरचेही त्यात आले."

"आमची आई म्हणती, शिवलं की पाप लागतंय," एक पोरगा म्हणाला.

"मी आत्ताच शिवलो. बघ मला काय होतंय ते."

पोरं खरंच थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली.

किसन बँडेजकडं बघत होता. "म्हंजी किती बी घासलं तरी जायाचं न्हाय?"

"तिथं जायला काही नाहीच, बाबा."

"माज्या आयला ठावं हाय?"

"असेल."

"मंग तिनं का न्हाय सांगितलं?"

"तिला सांगवलं नसेल."

तो खाली बसला आणि रडायला लागला, आवाज न करता. गिरिजानं डबी ओट्यावर ठेवली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली, शिवणार नाही इतकी लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पा दवाखान्यात हजर. "डॉक्टरसाहेब, पोरीच्या डोक्यात काय भरवलंत? लई विचारतीया."

"काय विचारते?"

"कुणी ठरवलं, म्हणती. तुमी ठरवलं का, म्हणती."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"झोप म्हणलं."

पुढचं मला गुरुजींकडून कळत गेलं. आधी पोरं औषधाची वाट बघत होती, म्हणून गप्प होती. आता वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. हजेरी झाली की गिरिजा उभी राहायची. "गुरुजी, किसनला खरूज न्हाय. मग तो भाईर का?" गुरुजींनी दटावलं, कोपऱ्यात उभं केलं. मग ती कोपऱ्यातून विचारायची. दोघातिघा आईबापांनी आपली पोरं शाळेतून काढून नेली. बाकीची पोरंही विचारायला लागली.

दिवाळीच्या सुमाराला गुरुजींनी एकदा किसनचं ओसरीतलं बसायचं पोतं स्वतः उचललं आणि उंबऱ्याच्या आत, दाराला लागून टाकलं. पाटील तणतणत आले. गुरुजी म्हणाले, "मला सांगता येत नाही. तुम्हीच पोरांना सांगा, हा बाहेर का ते." पाटलांनी पोरांकडं बघितलं. पोरं पाटलांकडं बघत होती.

"का हो, पाटील?" गिरिजानं विचारलं.

"लई शहाणी हायेस," पाटील म्हणाले आणि निघून गेले. नाव काढलं नाही. एवढ्या पोरांसमोर कारण सांगायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

आमच्या धंद्यात निदान चुकलं की औषध भलत्याच ठिकाणी लागतं आणि दुखणं जागच्या जागी राहतं. मी एवढंच शिकलो. गावाचं दुखणं काही मी बरं केलं नाही. किसनचं पोतं दाराशीच राहिलं, आणि पाण्याचा माठ त्याला शिवू देत नव्हतेच.

त्या हिवाळ्यात देवीची लस टोचायला मी शाळेत गेलो. किसननं बाही वर केली. हात बरे झाले होते. पू झाला होता तिथं दोन पांढरे डाग राहिले होते.

"डॉक्टरसाहेब, हे डाग जातील का?" त्यानं विचारलं.

बाकीची पोरं ऐकत होती. दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, जातील हळूहळू.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि दंड पुढं केला.