काटाबाई

काटाबाईला हळू बोलता येत नव्हतं. चावडीपुढच्या कडुनिंबाला तिनं वजनकाटा टांगला आणि झोळीत पोर बसलं, की आकडा साऱ्या गावाला ऐकू जायचा. "पारूचं पोर, सात किलो. गेल्या म्हैन्यात बी सातच. पारू, पोराला खाया घालतीस का नुसती मुके घेतीस?" पारू पदरात तोंड लपवायची, बाकीच्या फिदीफिदी हसायच्या, आणि मग त्यांचीही पाळी यायची.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं गाव शेवगावपासून बरंच आत. तालुक्याच्या दवाखान्यानं गावोगाव आरोग्याचं काम काढलं होतं. त्यात शेजारच्या गावची ही बाई शिकवून तयार केली आणि आमच्या गावाला दिली. पोरांची वजनं करायची, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते सांगायचं, विहिरीत औषध टाकायचं. नाव होतं तिचं काहीतरी, आम्ही कधी विचारलं नाही. काटा आणते म्हणून काटाबाई.

ती बौद्धवस्तीतली. आता हे लिहायला जड जातं, पण वगळलं तर पुढचं कळायचं नाही. आम्ही तिला पोरांना हात लावू द्यायचो नाही. आईनंच पोर झोळीत ठेवायचं, आईनंच काढायचं, आणि काटाबाईनं दोन हात लांब उभं राहून आकडा वाचायचा. ती दर वेळी ओरडायची, "कुंची काढा, अंगडं काढा. मला पोराचं वजन पाहिजे, चिंध्यांचं न्हाई." बाया म्हणायच्या, उघड्या पोराला नजर लागते. स्वतः हात घालायची सोय नाही, मग ती करणार काय? कपड्यांचे शंभर ग्रॅम वजा करून कार्डावर ठिपका द्यायची. घरी गेल्यावर सासवा पोरावर गोमूत्र शिंपडायच्या. तिला ते ठाऊक होतं. एकदा काटा पिशवीत भरता भरता म्हणाली, "माझा इटाळ फेडा खुशाल. पर आदी साबनानं हात धुवा, म्हंजे जुलाब बी फिटतील."

'काटा कुनाची भीड धरत न्हाई' हे तिचं पालुपद. आमचं किराणा मालाचं दुकान. ती पायरीखाली उभी राहून गूळ मागायची, मी वरून पिशवीत टाकायची. मला एकदा झाडाखाली सगळ्यांसमोर म्हणाली, "वैनी, तुमच्या दुकानातल्यापरीस माझा काटा खरा हाय." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते मी विसरले नाही.

शालन आमच्या दुकानासमोर राहायची. तीन मुलींच्या पाठीवर झालेला तिचा मुलगा, वर्षाचा होत आला तरी बसवला की कलंडायचा. कार्डावर हिरवा, पिवळा, तांबडा असे पट्टे असत. शालनच्या पोराचा ठिपका तांबड्यात. काटाबाईचा आवाज त्या दिवशी वेशीपर्यंत गेला असेल. "शालन, हे पोर उन्हाळा काढायचं न्हाई. घरात तीन जर्शी गाया आन सगळं दूध डेरीला? सासूला सांग, डेरीच्या आदी नातवाला घाल. पुढल्या म्हैन्यात काटा हलला न्हाई तर मी सोता येऊन पोर तालुक्याला न्हेनार."

घरची गोष्ट झाडाखाली गेली म्हणून सासूनं त्या दिवशी शालनच्या दंडाला तापलेलं उलथनं लावलं. शालन माझ्याकडे आली. दंड पदरानं झाकून म्हणाली, "वैनी, दवाखान्याचं नाव निघालं तर मला म्हायेरी धाडत्यात. पोर ठिवून घेत्यात. कायबी करा, पर काटा हलू द्या."

काटा कसा हलवायचा हे दुकानदाराच्या बायकोला शिकवावं लागत नाही. मी कुंचीच्या पाठीमागच्या अस्तराला आतून खिसा शिवला आणि त्यात दोनशे ग्रॅमचं लोखंडी माप घातलं. पुढच्या महिन्याला अर्ध्या किलोचं. बाकीच्या बायांना कळलंच. काटाबाई आकडा वाचायची आणि बाया तोंडाला पदर लावून एकमेकींना कोपरं मारायच्या. तिच्या जिभेनं आम्हाला इतकं सोलवटलं होतं, की ती फसतेय यातच आम्हाला गोडी. मान मागं ओढली जायची म्हणून पोर रडायचं, तर शालन त्याला थोपटायची.

ठिपका पिवळ्यात गेला. काटाबाईनं आकडा दोनदा वाचला. "शालन, लेकी, मरनाच्या दारातनं वडून आनलंस गं पोराला." त्याच्या पुढच्या खेपेला तिनं आपल्या कोंबडीची पाच अंडी आणली आणि शालनच्या हातात न देता दगडावर ठेवली. सासूनं ती उकिरड्यावर फेकली. काटाबाई मात्र गावोगाव शालनचं नाव सांगत हिंडली. तांबड्यातल्या पोराच्या दारात ती दर आठ दिवसांनी जायची, ते तिनं शालनपुरतं बंद केलं. "आता तुला माझी गरज न्हाई," म्हणाली.

वैशाखात पोराला जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. शालननं ते पोर माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं. हातानं उचलून वजन सांगायची मला सवय. ते मी इथं लिहीत नाही.

काटाबाई दुसऱ्या दिवशी आली. शालनच्या उंबऱ्याच्या आत जायची तिला मुभा नव्हती. कुंपणावर धुऊन टाकलेली कुंची तिनं पाहिली आणि काढून घेतली. त्या पोराच्या कशालाही तिचा हात लागण्याची ती पहिली वेळ, आणि कुणी अडवलं नाही. तिनं अस्तर उलटं केलं. खिशात गंजाचा डाग होता, सहा कोनांचा. ती सरळ आमच्या पायरीशी आली. "वैनी, अर्ध्या किलोचं माप बघू."

मी दिलं. तिनं ते डागावर ठेवलं. कोनाला कोन बसला.

मग काटाबाई हळू बोलली. "शालनला सांगू नका, मी वळखलं म्हनून. तिला त्याच घरात जगायचंय." माप पायरीवर ठेवलं, कुंची परत कुंपणावर घातली आणि गेली.

तिनं तोंड उघडलं नाही. गावानं उघडलं. तिनंच पोराचं कौतुक केलं, तिचीच नजर लागली, असं शालनची सासू म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. दुसरी बाई पाठवा, असा तालुक्याला अर्ज करायचं ठरलं. गावातल्या बायकांत बरं लिहिता यायचं ते मला. अर्ज मी लिहिला. 'मुलांस नजर लावते' असं लिहिणं शोभेना, म्हणून 'कामात हयगय करते' असं लिहिलं. तिला कामावरून काढलं, दुसरी बाई काही आली नाही. कडुनिंबाला मग पुन्हा काटा लागला नाही.

पुढं पाच-सहा वर्षांनी शेवगावच्या आठवडेबाजारात ती दिसली. पोतं अंथरून भाजी विकत होती, आवाज तोच. मी पुढं जाऊन बसले. म्हटलं, "काटाबाई, चूक झाली माझी."

ती मेथीच्या जुड्या लावत राहिली. "चूक चुकून व्हती, वैनी. तुमी मोजून केलं."

मी उठेना, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. ऊन मी म्हणत होतं. तिनं कळशीतनं तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या. पानी प्या."

माझा हात निघाला, पण जरा उशिरा. जराच. तिला काटा वाचायची सवय. तिनं तांब्या मागं घेतला, ते पाणी मेथीवर शिंपडलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.