पावसाखालची छपरं

तुमच्या दिवाणखान्यात वादळाचं चित्र टांगलेलं असेल, तर ते वादळ कुणाच्या घरावर आलं होतं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

सुनंदामावशी तैलचित्रं काढते. काल तिच्याकडे गेले तेव्हा ती कॅनव्हासवर करडा पाऊस चढवत होती. काळं आभाळ, वाकलेले माड, उसळलेला समुद्र. मागच्या खेपेला पाहिलं तेव्हा याच चित्रात किनाऱ्यालगत पत्रे उडालेली घरं होती. त्यातलं एक तिच्या माहेरचं.

"मावशी, घरं कुठं गेली?"

"गिऱ्हाईक म्हणालं, वादळ झकास आहे, तेवढी पडझड काढून टाका. जेवताना समोर नको वाटते."

"आणि तू काढून टाकलीस?"

"वाळलेला तैलरंग पुसता येत नाही, बाई. वरून पाऊस ओढला." मग ब्रश खाली ठेवून ती म्हणाली, "आता भाषण देऊ नकोस. आईचं स्वयंपाकघर झाकताना माझाही हात जड झाला होता."

माझा राग तिच्यावर नव्हताच. आपल्याला आभाळाचा थरार हवा असतो, पण ते ज्यांच्यावर कोसळलं ती माणसं चौकटीत नको असतात, याची खंत मात्र जाईना. निघताना मी खिडकी उघडली. तिरप्या उजेडात पावसाखालून छपरांच्या जाड रेषा अजून वर आलेल्या दिसत होत्या.

तुमच्या भिंतीवरचं वादळ एकदा खिडकीशी न्या, उजेडात तिरकं धरा, आणि खाली कुणाचं घर आहे का ते बघा.