दोन तीनचाकींमधला सांधा

काचबिंदूनं अण्णांची, माझ्या वडिलांची, नजर गेली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. उजेड आणि सावली एवढंच उरलं. त्यांचा सगळा जन्म चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवण्यात गेलेला. कंपनीची बस असतानाही ते सायकलनं जायचे, कारण बसमध्ये दुसऱ्याच्या वेळेनं निघावं लागतं म्हणायचे. असा माणूस आता माझ्या वाकडच्या नवव्या मजल्यावरच्या घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर, खालचे हॉर्न ऐकत बसायचा.

मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या दोन तीनचाकी सायकली वर्कशॉपमागं पडून होत्या. पाठ टेकून, पाय पुढं पसरून चालवायच्या. पुढं एक चाक, मागं दोन. त्या भंगारात जायच्या आत मी मागून घेतल्या. मागच्या सायकलीचं पुढचं चाक काढायचं आणि मोकळा झालेला चिमटा पुढच्या सायकलीच्या मागच्या दांड्याला जोडायचा, म्हणजे पाच चाकांची एक लांब गाडी होते. हँडल आणि ब्रेक माझ्याकडं, पायडल दोघांकडं. बसतानाच अण्णांनी विचारलं, की त्यांच्या पायडलनं गाडीला काही होतं का, की नुसते पाय हलवायला दिलंय. होतं ना, मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा.

पहिल्या रविवारी सकाळी कॉलेजमागच्या, वाहतुकीला अजून न उघडलेल्या रस्त्यावर आम्ही निघालो. सुरुवात बरी झाली. वळणावर रस्त्याची कड खचली होती. माझी गाडी कलली, तिच्याबरोबर मागचीही कलली, एक चाक उचललं गेलं आणि अण्णा कोपरावर पडले. खरचटण्यावर भागलं. घरी आईनं जखम धुता धुता मला सांगितलं, बापाचं खेळणं करू नकोस. ते लागलं, कारण थोडं खरं होतं. सायकली जोडल्या त्याच दिवशी मी चार मैत्रिणींना फोटो पाठवून कौतुकही करून घेतलं होतं.

अण्णांनी मात्र पडल्या जागी आधी कोपर नाही, जोड चाचपला होता.

"हे नुसतं डावं-उजवं वळतंय," ते म्हणाले होते. "तुझी गाडी कलली की माझी बी कलणार. दोघींना आपापलं कलता आलं पाहिजे."

हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते. मला सुचलं नव्हतं.

त्यांचा टूलरूममधला जुना सोबती महाळुंग्यात स्वतःचं लेथ चालवतो. अण्णांनी हातांनी हवेत आकार दाखवला आणि त्यानं तिन्ही दिशांना फिरणारा सांधा करून दिला. अण्णांनी पिन घालून अंगठ्यानं हलवून पाहिली. ढिली आहे, म्हणाले. सोबत्यानं मोजून बघितलं आणि दुसरी पिन करायला मशीन चालू केली. अण्णा त्या आवाजाकडं तोंड करून बसले होते. कुणीतरी आपलं ऐकलं, असा तो चेहरा होता. घरात आम्ही त्यांची काळजी पुष्कळ घेत होतो; पण शेवटचा सल्ला कधी विचारला होता, ते मला आठवेना.

आईचं मन वळवायला त्यांना पंधरा दिवस लागले. मग पुन्हा तोच रस्ता. मी खड्डा, दगड, कुत्रं, सगळं सांगत राहिले. अण्णा म्हणाले, "सगळं नको सांगू. ब्रेक लावायच्या आधी तेवढं सांग, पाय अडतात माझे."

पुढं पुलाचा चढ होता. तिथं मी मुद्दाम जास्त जोर लावला. आपण वडिलांना ओढून नेतोय, ही भावना गोड होती, खोटं कशाला बोलू. चढाच्या मध्यावर माझी चेन उतरली. पायडल रिकामं फिरायला लागलं. थांबणार असं वाटलं, पण गाडी थांबली नाही. हळूहळू, पण वर जात राहिली. माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर, त्यांचे पाय चालू होते.

"चेन उतरली ना तुझी?" त्यांनी विचारलं.

"व्हय, अण्णा." मी एरवी असं बोलत नाही.

"हँडल धर सरळ. चढ संपू दे."

वर पोचल्यावर त्यांना धाप लागली होती. मी उतरून चेन बसवली, त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, इथून काय दिसतंय ते सांग. त्यांची नजर गेल्यापासून मी घरात दिसण्याबद्दलचं असलं बोलणं टाळत आले होते. त्यांना दुखेल असं मीच ठरवून टाकलं होतं. मी सांगायला लागले. अर्ध्या बांधलेल्या इमारती, दोन क्रेन, सहाव्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी, लांब एक बोडका डोंगर. मध्येच थांबवून ते विचारत होते, क्रेन फिरतेय का, चादरी कुठल्या रंगाच्या. काही गोष्टी मला नीट बघून मग सांगाव्या लागल्या.