तुरुंगातली कावीळ

माझ्या आजाराचं पहिलं निदान एका हवालदाराने केलं. पंजाबातले ते दहशतीचे दिवस. मी नोकरीला होतो त्या चंडीगडमध्ये चौकाचौकांत पोलिसांचे नाके. झडती घेताना बिचारा सारखा खोकत होता, म्हणून मी पिशवीतली खोकल्याच्या औषधाची बाटली त्याला देऊ केली. त्याने पिशवीच उलटी केली. सगळ्या त्याच बाटल्या.

"बाऊजी, इतनी खांसी किसको है?"

खोकला केव्हाच गेला होता. औषधातल्या कोडीनची, म्हणजे अफूच्या सख्ख्या भावाची, मला सवय लागली होती. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे पोलिसाने सांगावं!

बाटल्यांसकट माझी रवानगी तुरुंगात झाली. तिथे उपचारांची वेगळी बरॅक होती. डॉक्टर म्हणाले, "ओपिऑइड डिपेन्डन्स. शरीर आता ते मागणार." मग विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावरचे हाल. हाडं कोणी पिळतंय असं वाटतं, नाक-डोळे गळतात. पोटाबद्दल सभ्य माणसाने लिहू नये. पण तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका, ते संपतं. आम्हा पुरुषांना गोळ्या, दूध, सलाइन, सगळं मिळालं.

आठवड्यातून एकदा डॉक्टर सर्वांना बसवून बोलतं करत. मधे दोरीवर घोंगडी, पलीकडे बायका. माझ्या शेजारी बलदेव, घोंगडीपलीकडे त्याची बायको सुरिंदर. एका घरातली, एकाच अफूपायी, एकाच दिवशी पकडलेली.

"पहली बार किसने दी?" डॉक्टरांनी विचारलं.

आमच्याकडे हशा. कुणाला यारांनी, कुणाला ट्रकच्या उस्तादाने. जो तो फुशारकी मारत होता. मीसुद्धा माझ्या बाटल्या वाढवूनच सांगितल्या.

पलीकडून आवाज आला, "मेरे घरवाले ने. बच्चा हुआ था, कमर टूटती थी. बोला, खा ले, खेत में जाना है. फिर नाके से माल भी मैं निकालती. औरत की तलाशी कौन लेता."

"शौक था जी इसको," बलदेव म्हणाला. पुन्हा हशा.

तिच्या उलट्यांना पहारेकरीण 'ड्रामा' म्हणे. बायकांकडे सलाइन लावायला नर्सच नव्हती. सुरिंदर जमिनीवर तळमळत रात्री काढायची. घरी बाळ होतं, त्याच्यासाठी टिकून होती.

भेटीच्या दिवशी बलदेवची आई तुपातल्या पिन्न्या आणायची. मलाही एक लाडू द्यायची. "मेरा पुत्तर बीमार है." सुनेसाठी कधी काही नाही. बलदेवला जामीन मिळाला तेव्हा डॉक्टरांनी म्हातारीला बैठकीतच बोलावून घेतलं.

"माताजी, और बहू?"

"गांव में बोल दिया, मर गई."

घोंगडी हलली. "मेरा काका?" आपल्या बाळाला ती काका म्हणायची.

"उसको भी यही बोलेंगे," म्हातारी म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावून मुलाला घेऊन गेली.

पुढे मीही सुटलो. आज बरा आहे, त्या डॉक्टरांमुळे आणि शैलामुळे. शैला, माझी बायको, दर भेटीला यायची. आणि साताऱ्याच्या नातेवाइकांपासून शेजारच्या सुभेदारांपर्यंत सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं की ह्यांना कावीळ झालीय, हवापालटाला गेलेत. घरी आलो तर उसाच्या रसाची रांग लागली. मीही अशक्त चेहरा करून पीत राहिलो.

पाहुणे गेल्यावर शैलाला सुरिंदरचं सांगितलं. वर म्हणालो, "काय निर्दय माणसं! आपल्याकडे नाही बाई असं होत."

ती रसाचे ग्लास विसळत होती.

"अहो, तुम्ही होतात म्हणून कावीळ झाली," ती म्हणाली. "मी असते तर तेरावं घातलं असतंत."